एनजीओसाठी प्रपोजल लिहायला शिकायचंय? मग आधी एक्सेल उघडा, वर्ड नंतर

मला येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "ताई, तुमचं लिखाण छान आहे असं कळलं, आमच्या संस्थेचं एक प्रपोजल लिहून द्याल का, शुक्रवारी शेवटची तारीख आहे." आणि फोन आलेला असतो बुधवारी संध्याकाळी, मी घणसोलीला ट्रेनमधून उतरत असताना. तर ज्यांना ग्रँट रायटर म्हणून, म्हणजे संस्थांसाठी पैसे मागणारी प्रपोजलं लिहिण्याचं, काम सुरू करायचंय त्यांनी पहिल्यांदा हे डोक्यातून काढा की हे छान लिहिणाऱ्याचं काम आहे. छान लिहिणारे आपल्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर पण ढिगाने आहेत. हे काम आहे कागद गोळा करणाऱ्याचं, हिशोब लावणाऱ्याचं आणि लोकांना नीट प्रश्न विचारणाऱ्याचं. लिहिणं येतं सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत ते बऱ्यापैकी आपोआप झालेलं असतं.

मी स्वतः बीकॉम. वागळे इस्टेटमध्ये एका सीएकडे व्हाउचर लावत बसायचे, त्यात दोन-तीन ट्रस्टची ऑडिट यायची, एका ट्रस्टच्या मॅडम म्हणाल्या तुला आमचे आकडे आमच्यापेक्षा जास्त माहितीयत तर तूच लिही ना हे. लिहिलं. नाही मिळालं. दुसरं लिहिलं, ते मिळालं, ३,००० रुपये मिळाले मला आणि वाटलं आपल्याला जमतंय. त्यानंतरची नऊ वर्षं हेच चालू आहे. खाली जे सांगतेय ते याच क्रमाने करा असं म्हणेन, कारण मी उलट्या क्रमाने केलं आणि बरीच वर्षं घालवली.

१) पैसा कुठल्या नळाला येतो ते आधी कळू दे

ढोबळ चार नळ आहेत. सीएसआर (कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजाच्या कामावर करायचा खर्च), देशातली फाउंडेशनं, परदेशी फंड आणि सरकारी योजना. ठाणे-नवी मुंबईत काम करणार असाल तर पहिला नळ सगळ्यात जवळचा, म्हणून त्यावर जास्त बोलते.

२०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे आणि ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा जास्त, किंवा टर्नओव्हर १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, अशी कंपनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करते. कशावर खर्च करायचा त्याची यादी त्याच कायद्याच्या शेड्यूल सातमध्ये आहे, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, झोपडपट्टी विकास, खेळ वगैरे. ही यादी प्रिंट काढून जवळ ठेवा, दीड-दोन पानांची आहे, आणि प्रपोजलमध्ये आपला प्रोजेक्ट यादीतल्या कुठल्या कलमात बसतो ते एका ओळीत लिहा, म्हणजे समोरच्या माणसाला त्याच्या कमिटीपुढे सोपं जातं.

कायद्यात असंही म्हटलंय की कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. सक्ती नाहीये, पण बहुतेक कंपन्या ते मनावर घेतात. आता ठाणे-बेलापूर रोडने दिघा ते तुर्भे एकदा बसने जा आणि खिडकीतून बोर्ड वाचत जा, रबाळे, महापे, पावणे, सगळा टीटीसीचा, म्हणजे एमआयडीसीच्या कारखान्यांचा पट्टा. हेड ऑफिस बीकेसीत असेल पण प्लांट इथे आहे, आणि रस्त्याच्या एका बाजूला प्लांट तर पलीकडे डोंगराच्या बाजूला वस्ती. हे जवळपण प्रपोजलमध्ये किलोमीटरमध्ये लिहायचं. "आपल्या महापे प्लांटपासून २ किलोमीटर" हे वाक्य मी कितीतरी वेळा लिहिलंय आणि ते कधी वाया गेलं नाही. (आधी मॅपवर मोजा मात्र.)

परदेशी पैशाचं थोडक्यात सांगते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नसेल तर तो विषयच काढू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था छोट्यांना वाटून द्यायची ते बंद झालं. आणि एक गोष्ट दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच, ट्रस्टींचा भाचा अमेरिकेत आहे तो देणगी देतो म्हणतोय, घेऊ का? त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल तर मात्र धरतात, मग मराठी कितीही छान बोलू दे.

२) लिहायच्या आधी फाइल मागा

कोणतीही संस्था आली की मी पहिला मेसेज पाठवते तो कागदांच्या यादीचा. ट्रस्ट डीड किंवा नियमावली, नोंदणी प्रमाणपत्र, धर्मादाय आयुक्तांकडच्या पीटीआरचा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा, पॅन, १२ए आणि ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला टॅक्सची सवलत मिळवून देणाऱ्या नोंदण्या), सीएसआर-१ नंबर, दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलचा आयडी, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, तीन वर्षांचे रिटर्न, वार्षिक अहवाल, ट्रस्टींची आजची यादी. यात "आजची" महत्त्वाचं आहे, पुढे सांगते.

सीएसआर-१ म्हणजे कंपनी खात्याकडे संस्थेने केलेली नोंदणी, १ एप्रिल २०२१ पासून ही नसेल तर कंपनी त्या संस्थेमार्फत सीएसआर करूच शकत नाही. शिवाय १२ए आणि ८०जी दोन्ही लागतात आणि तशाच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे मागच्या वर्षी चार मित्रांनी मिळून काढलेली संस्था सीएसआरसाठी सरळ अर्ज करायला जात असेल तर त्यांना प्रेमाने थांबवा. त्यांना सांगा आधी वैयक्तिक देणगीदार शोधा, एखाद्या फाउंडेशनकडून छोटी मदत बघा, ऑडिट नीट करा, आणि तीन वर्षांनी या. तुमची एक फी जाईल पण पुढे तेच लोक तुम्हाला शोधत येतात, माझ्याकडे आलेत.

आता ट्रस्टींच्या यादीचं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. एका संस्थेचं, नाव नको, सगळं जुळून आलं होतं. कंपनी तयार, रक्कम ठरलेली, करार प्रिंट झालेला. कंपनीच्या लीगलवाल्याने पीटीआर मागितला आणि त्यात जे अध्यक्ष दिसत होते ते जाऊन चार वर्षं झाली होती, फोटो हार घालून ऑफिसमध्येच लावलेला होता. चेंज रिपोर्ट कोणी भरलाच नव्हता. सही कोण करणार? मग ठाण्याच्या धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात वकिलामार्फत खेटे सुरू झाले आणि तोपर्यंत मार्च संपला. कंपनीने ते पैसे दुसरीकडे दिले. मी प्रपोजल बावीस पानांचं लिहिलं होतं आणि एकदाही पीटीआर बघितला नव्हता, त्यामुळे मी यात फार निष्पाप नाहीये. तेव्हापासून पीटीआर आल्याशिवाय मी वर्डची फाइल उघडत नाही.

३) वस्तीवर जा, आणि तिथे गप्प बसा

नवीन माणसाने सुरुवातीला एकच संस्था धरावी असं मला वाटतं. पाच संस्थांची पाच प्रपोजलं करण्यापेक्षा एका संस्थेत तीन महिने जा, वेळ असेल तर शनिवारी फुकट जा. त्यांच्या वर्गात मागे बसा, रजिस्टर बघा, जी ताई रोज वर्ग घेते तिच्यासोबत चहा प्या. डायरेक्टरशी नंतर बोला, कारण डायरेक्टर तुम्हाला तेच सांगणार जे वार्षिक अहवालात आहे.

एक उदाहरण सांगते. दिघ्याच्या डोंगराकडच्या एका वस्तीत मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका होती. हजेरी पडलेली. संस्थेच्या जुन्या प्रपोजलमध्ये कारण लिहिलं होतं "पालकांमध्ये मुलींच्या शिक्षणाबाबत जागरूकतेचा अभाव", आणि त्यासाठी वर्षभर पालक मेळावे मागितले होते. मी रजिस्टर उघडलं. सहावी ते आठवीच्या मुलींसमोर गैरहजेरीच्या फुल्या, त्याच्या खाली तिसरी-चौथीच्या पोरी मात्र रोज हजर. म्हटलं पालक तर तेच आहेत ना, एकाच घरातल्या दोन बहिणी, मग धाकटीबद्दल जागरूकता आहे आणि मोठीबद्दल नाही असं कसं? वर्ग घेणारी ताई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मॅडम, पाणी साडेचारला येतं." झालं. वर्ग साडेचारला, नळ साडेचारला, हंडा उचलायचं वय झालेल्या सगळ्या मुली रांगेत. मी विचारलं हे तुम्ही ऑफिसला सांगितलं नाही का, तर म्हणे कोणी विचारलंच नाही, त्यांनी मेळाव्याचं बॅनर पाठवलं.

नवीन प्रपोजलमध्ये मेळावे गेले, मोठ्या मुलींचा वर्ग सव्वासहाला गेला, त्याबरोबर दोन एलईडी ट्यूब आणि इन्व्हर्टरचा खर्च आला आणि ताईला अंधारात परत जायचं म्हणून रिक्षाचे पैसे आले. सगळं मिळून मेळाव्यांपेक्षा स्वस्त. आणि प्रपोजल वाचणाऱ्या बाईंनी मला फोन करून विचारलं की हे पाण्याचं तुम्हाला कसं कळलं. तेवढ्यावर आमची साइट व्हिजिट ठरली.

तिथे गेल्यावर विचारायचे माझे ठरलेले प्रश्न, कालच्या दिवशी काय काय झालं ते सकाळपासून सांगा. मागच्या महिन्यात कोणतं मूल यायचं बंद झालं. जास्तीचे दहा हजार मिळाले तर आधी काय घ्याल. "समस्या काय आहे" असं विचारू नका, तसं विचारलं की लोक भाषण देतात.

४) बजेट आधी

हे सगळ्यात मोठं पाऊल आहे आणि नेमकं हेच सगळे शेवटच्या रात्री करतात. माझं म्हणणं असं की बजेट लिहिता लिहिता प्रोजेक्ट काय आहे ते कळतं. कोण करणार, किती दिवस, किती मुलं, कुठे बसणार, हे सगळं एक्सेलच्या रांगेत लपवता येत नाही, वर्डमध्ये मात्र "सर्वांगीण विकास" लिहून छान लपवता येतं.

समजा दोन अभ्यासिका आहेत, प्रत्येकी ३० मुलं, म्हणजे ६०. वर्ग घेणाऱ्या दोन ताई, मानधन महिना ९,००० प्रमाणे वर्षाचे २,१६,०००. अर्धवेळ समन्वयक १२,००० प्रमाणे १,४४,०००. दोन खोल्यांचं भाडं ४,५०० प्रमाणे १,०८,०००. वह्या-पुस्तकं-साहित्य मुलामागे ८०० म्हणजे ४८,०००. खाऊ, रोजचे ८ रुपये, वर्ग वर्षात २२० दिवस, ६० मुलं, म्हणजे १,०५,६००. ताईंची चार ट्रेनिंग ३,५०० प्रमाणे १४,०००. सुरुवातीची आणि शेवटची चाचणी, कागद-छपाई वगैरे धरून ४,८००. प्रवास महिना १,५०० प्रमाणे १८,०००. बेरीज येते ६,५८,४००. त्यावर ऑफिसचा हिस्सा, म्हणजे अकाउंटंट, ऑडिट फी, लाइट बिल, ८ टक्के धरला तर ५२,६७२. एकूण ७,११,०७२. भागिले ६०, म्हणजे एका मुलामागे वर्षाला साधारण ११,८५० रुपये.

हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवा, मीटिंगमध्ये कोणीतरी विचारणारच. आणि तो जास्त वाटतोय म्हणून खाली खेचू नका, त्यात काय काय आहे ते सांगा. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, तुमच्या संस्थेचे त्यांच्या व्हाउचरमधून काढा, भाड्याची पावती बघा, अंदाजाने काही टाकू नका.

ऑफिसच्या हिश्श्यावरून एक जुना घोळ आहे तो इथेच सोडवते. बऱ्याच संस्थांना वाटतं की सीएसआरमध्ये अॅडमिन ५ टक्क्यांच्या वर देताच येत नाही, आणि काही कंपन्यांची ज्युनिअर मंडळी पण तसंच ठोकून देतात. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. संस्थेच्या खर्चावर नाही. एखाद्या कंपनीचं स्वतःचं धोरण तसं असू शकतं, तो त्यांचा हक्क, पण कायद्याचं नाव सांगत असतील तर नम्रपणे नियम दाखवा. मी एकदा दाखवला तर समोरचे सर म्हणाले अरे हो का, आणि ८ टक्के मंजूर झाले. अर्थात दुसऱ्या ठिकाणी दाखवला तर नंतर त्यांनी फोनच उचलला नाही.

अजून एक, वस्तू. सीएसआरच्या पैशातून लॅपटॉप, सोलर, गाडी असं काही घेणार असाल तर ती मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. सीएसआर-१ असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या बचत गट वगैरेच्या, नाहीतर सरकारी यंत्रणेच्या नावावर असायला लागते. महापालिकेच्या शाळेत काही बसवताय तर नंतर दुरुस्ती कोण करणार ते आधीच लिहा. बंद पडलेली वॉटर प्युरिफायरची मशिनं आणि त्यावर देणाऱ्याचा लोगो, हे दृश्य तुम्ही पण बघितलं असेल.

५) आकडे उचलताना जिल्हा कुठला ते बघा

इथल्या लोकांसाठी खास सांगते कारण ही चूक मी महिन्यातून एकदा तरी बघते. गुगलवर ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या टाकली की १ कोटी १० लाख येते आणि लोक ती जशीच्या तशी चिकटवतात. तो २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे, आणि पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे त्या आकड्यात वसई-विरारपण आहे आणि जव्हार-मोखाडापण. आजच्या ठाणे जिल्ह्याच्या तालुक्यांची बेरीज केली तर २०११ ची लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास येते. तसंच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं, एनएफएचएस-४ हे २०१५-१६ चं असलं तरी त्यात जिल्हे जुनेच धरलेत, एनएफएचएस-५ मध्ये ठाणे आणि पालघर वेगळे आहेत. या दोघांची तुलना करून "ठाण्यात कुपोषण एवढं कमी झालं" असं लिहिलंत तर ते कमी झालेलं नसून नकाशा बदललेला असू शकतो.

असर या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा आकडा पण असाच. मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही वगैरे जे आपण वाचतो ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं असतं. मुरबाड-शहापूरच्या कामासाठी घ्या, तुर्भे स्टोअरच्या किंवा लोकमान्य नगरच्या मुलांसाठी ते वापरता येत नाही. पण त्यांची चाचणीची पद्धत वापरता येते, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एका मुलाला थोडीच मिनिटं लागतात, आणि मग तुमच्याकडे तुमच्याच ६० मुलांचा स्वतःचा आकडा असतो. "६० पैकी २३ मुलं परिच्छेदावर अडकली" हे कुठल्याही राष्ट्रीय टक्केवारीपेक्षा भारी पडतं.

शाळेबद्दल हवं असेल तर युडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मिळतं. मोठे आकडे एक परिच्छेद पुरे. नवीन लोक तीन पानं देशाची परिस्थिती लिहितात, आणि वस्तीवर येईपर्यंत शब्दमर्यादा संपलेली असते.

६) आउटपुट आणि आउटकम

हे दोन शब्द ऐकून लोक घाबरतात. साधं आहे. वर्ग २२० दिवस चालला, ६० मुलं आली, वह्या वाटल्या, हे आउटपुट. परिच्छेदावर अडकलेल्या २३ पैकी १५ मुलं वर्षाअखेरीला गोष्ट वाचायला लागली, हा आउटकम. पहिलं तुमच्या हातात असतं, दुसरं पूर्ण नसतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा थोडा हात राखून लिहा. १०० टक्के कधीच लिहू नका, वाचणारा माणूस येडा नसतो. लॉगफ्रेम म्हणून जो तक्ता मागतात त्यात हेच भरायचं असतं, वरून खाली ध्येय, आउटकम, आउटपुट, कृती, आणि बाजूला कसं मोजणार, पुरावा कुठला, आणि काय बिघडू शकतं. या शेवटच्या रकान्यात सगळे "काही नाही" लिहितात. पावसाळ्यात डोंगराकडून पाणी येऊन वर्गात शिरतं ते लिहा ना, आणि मग आठ दिवस वर्ग मंदिराच्या सभामंडपात घेऊ हे पण लिहा.

७) आता लिहा

हे पटकन सांगते कारण वरचं झालं असेल तर यात फार काही राहत नाही. बहुतेक कंपन्यांना इंग्रजीत लागतं. "माझं इंग्लिश एवढं चांगलं नाही" हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं, विशेषतः मराठी मीडियमच्या मुलींकडून. छोटी वाक्यं लिहा, एका वाक्यात एक गोष्ट, पुरतं. अवघड इंग्रजी लिहिणारे खूप आहेत, ताईकडून पाण्याची वेळ काढून आणणारे कमी आहेत, आणि ते काम मराठीत होतं. जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे काही मागायचं असेल तर प्रस्ताव मराठीतच जातो, तिथे तर तुम्ही पुढेच आहात.

मी आधी मराठीत लिहिते, जसं ताई बोलली तसं, मग इंग्रजीत करते. चॅटजीपीटीने व्याकरण तपासा, खुशाल. पण अख्खं प्रपोजल त्याच्याकडून लिहून घेतलेलं ओळखू येतं, सगळ्या संस्था एकाच गावात काम करतायत असं वाटायला लागतं. आणि संस्थेची माहिती, मुलांची नावं-फोटो त्यात टाकू नका.

पोर्टलवर भरायचं असेल तर आधी सगळे प्रश्न वर्डमध्ये उतरवून घ्या, शब्दमर्यादेसकट, कारण पोर्टल मध्येच लॉगआउट करतं आणि ते नेहमी रात्री साडेअकरालाच करतं. पाठवायच्या आधी फाइलमध्ये जुन्या कंपनीचं नाव शोधा. मी एकदा एका कंपनीला पाठवलेल्या प्रपोजलच्या नवव्या पानावर त्यांच्याच स्पर्धक कंपनीचे आभार मानले होते. त्यांनी उत्तरात फक्त "पान ९" एवढंच लिहिलं.

८) कोणाला पाठवायचं

सीएसआरचं सरकारी राष्ट्रीय पोर्टल आहे, तिथे कंपनीनुसार, राज्यानुसार कोणी किती खर्च केला ते फुकट बघता येतं. त्यानंतर कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या मागे सीएसआरचं परिशिष्ट असतं ते वाचा, कुठल्या विषयावर दिलेत, कुठल्या जिल्ह्यात, थेट की संस्थेमार्फत. मागची तीन वर्षं फक्त पर्यावरणावर खर्च करणाऱ्या कंपनीला अभ्यासिका पाठवण्यात अर्थ नाही. अशा वीस कंपन्या बघितल्या की चार उरतात. त्या चारवर मेहनत करा. शंभर जणांना एकच पीडीएफ मेल करणं हा प्रकार बंद, आणि कोणी "माझ्याकडे ५०० सीएसआर हेडचे नंबर आहेत" म्हणून यादी विकत असेल तर घेऊ नका.

वेळ पण बघा. कंपन्यांचं बजेट साधारण वर्षाच्या सुरुवातीला ठरतं, म्हणून एप्रिल ते जून ओळख करून ठेवायची. जानेवारी ते मार्च उरलेले पैसे खर्च करायची घाई असते, तेव्हा ज्या संस्थेची फाइल तयार असते तिला अचानक फोन येतो. अनेक वर्षांचा प्रोजेक्ट असेल तर "ऑनगोइंग" म्हणून घ्या असं सुचवता येतं, मग न खर्चलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवू शकते आणि ३१ मार्चला उधळपट्टी करावी लागत नाही.

साइट व्हिजिटला वर्ग सजवू नका, मुलांना स्वागतगीत बसवू नका. हजेरीचं रजिस्टर आणि व्हाउचरची फाइल समोर ठेवा, आणि बोलायला ताईला द्या. नकार येणार, बरेच येणार, आणि बरेचदा नकारपण येत नाही, नुसती शांतता असते. पंधरा दिवसांनी एक फोन करा, कारण विचारा, वहीत लिहा.

९) मंजूर झालं म्हणजे सुटलात असं नाही

करार नीट वाचा, हप्ते कधी, रिपोर्ट कधी, बजेटच्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत किती फिरवता येतं. रिपोर्ट कोण लिहिणार हे संस्थेशी आधीच ठरवा आणि त्याची फी वेगळी सांगा. शेवटी सीएचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, लागतं, आणि ते बजेटच्या रांगांप्रमाणे लागतं, म्हणून पहिल्या दिवशीच संस्थेच्या अकाउंटंट काकांना तुमची एक्सेल द्या, त्यांना सांगा टॅलीत याच नावांनी हेड उघडा. हे नाही केलं तर वर्षाअखेरीला खाऊचं बिल "संकीर्ण खर्च" मध्ये सापडतं आणि कोणालाच झोप लागत नाही. पाणी आटलं, वर्ग बंद राहिला, ताईने काम सोडलं, तर तेव्हाच कळवा, रिपोर्टची वाट बघू नका.

१०) तुमचे पैसे

"मिळाले तर १० टक्के देऊ" असं तुम्हाला सांगणारच. नाही म्हणा. फंडरेझिंग आणि ग्रँट रायटिंगवाल्यांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संघटना आहेत त्यांच्या आचारसंहितेत टक्केवारीवर काम करायला मनाई आहे, आणि त्यामागचं कारण साधं आहे, मुलांच्या वह्यांसाठी मंजूर झालेल्या पैशातून तुमचं कमिशन कुठल्या रांगेत दाखवणार? शिवाय प्रपोजल तुम्ही उत्तम लिहिलं आणि कंपनीचा नफाच घसरला तर तुमचे तीन आठवडे फुकट. तासाने, नाहीतर कामाने ठरवा. मी अर्धी रक्कम कागद हातात आल्यावर घेते आणि अर्धी ड्राफ्ट दिल्यावर, निकालाशी संबंध नाही. छोट्या संस्थेला कमी घेते, एखादीला घेतच नाही, पण ते मी ठरवते, भावनेच्या भरात नाही. नोकरी हवी असेल तर मोठ्या संस्थांमध्ये रिसोर्स मोबिलायझेशन नाहीतर पार्टनरशिप अशा नावाची पदं असतात, त्या नावाने शोधा, ग्रँट रायटर म्हणून शोधलं तर फार काही दिसत नाही.

संस्था तुमच्या फीमधून टीडीएस कापते, प्रोफेशनल फीवर १० टक्के, म्हणून पॅन नीट द्या आणि तो कापलेला टीडीएस इन्कम टॅक्सच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतोय का ते बघत राहा, छोट्या संस्था कापतात आणि भरायला विसरतात. वर्षाची एकूण फी २० लाखांच्या आत असेल तोपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही. इनव्हॉइस मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाठवून टाका, त्यानंतर अकाउंटंट काका फोन उचलत नाहीत.